फोटोवाल्याकडे बघायचं नाही

१

दिपमालाच्या लग्नाचा अल्बम दोन हातांनी उचलावा लागे एवढा जड होता, पण त्यात तिचा नवरा कुठेच नव्हता. म्हणजे पानोपानी होता. फेटा बांधून, तलवार धरून, एका पानावर तर हनुवटीला बोट लावून ढगांतून खाली बघत होता. पण तो दीपक नव्हे. धरणगावात पंपाच्या जळालेल्या मोटारी तांब्याच्या तारेनं रिवाइंड करणारा, बोटांच्या टोकांना कायम व्हार्निशचा काळपट थर असलेला, हसू आलं की आधी नाकातून फुसकन आवाज काढणारा आणि मग डावा डोळा मिटून घेणारा दीपक त्या अल्बममध्ये शोधून सापडला नसता. कॅमेरा समोर आला की हा माणूस आधार कार्डाच्या रांगेतला ताठ माणूस होऊन जाई. लग्नाला तीन वर्षं झाली तरी त्या हसण्याचा एक फोटो तिच्याकडे नव्हता, आणि ही गोष्ट तिच्या मनाला फार लागून राहिली होती.

यंदा श्रावणात कानबाईच्या सणाला घर भरणार होतं. धाकटा दीर प्रेमराज पुण्याहून येणार होता. सासरे झुलाल आबा आणि सासू भिकुबाई घरातच. तेव्हा सगळ्यांचे एकदा नीट फोटो काढून घेऊ, असं ठरलं. भिकुबाईंना चौकातला स्टुडिओ पसंत होता, कारण तिथे मागे धबधब्याचा पडदा होता आणि शेजारच्या झुंबरबाई त्या पडद्यापुढे दहा वर्षांनी लहान दिसल्या होत्या.

दिपमालानं तिथला नमुन्याचा अल्बम उघडला आणि मिटला. सगळ्यांच्या चेहऱ्यांना एकच रंग, सगळ्यांचं एकच हसू.

तिच्या मनात दुसरंच होतं. मोबाइलवर तिला धुळ्याच्या कुणा कुंदनचं पान सापडलं होतं. 'घर जसं आहे तसं' असं त्या पानाचं नाव. त्यात कुणी तांदूळ निवडत होतं, कुणी चष्मा शोधत होतं, कुणी ओल्या केसांना पंचा गुंडाळून दारात उभं होतं. सजणं नाही, ओळीत उभं राहणं नाही. आणि ती माणसं फोटोतून अशा मायेनं बाहेर बघत होती की बघणाऱ्याला वाटावं, आपण यांचेच कुणीतरी. खाली धुळ्याच्याच चेलना नावाच्या बाईनं लिहिलं होतं, 'तीन दिवस होते, पण घरात कोणी परकं आहे असं एकदाही वाटलं नाही.' या एका वाक्यावर दिपमालानं निवड पक्की केली.

फोन लागला. पलीकडून 'हॅलो' आलं आणि तिला हसूच फुटलं.

"अहो, तुम्ही काय करताय या नंबरवर?"

"कुंदन बोलतोय," तोच आवाज म्हणाला.

ती ओशाळली. आवाजात आवाज असतात सारखे, त्यात काय. तिनं दिवस सांगितला. त्यानं पैशांचं काढलंच नाही, घरात कोण कोण आहे तेवढं नावानिशी विचारून घेतलं, आणि मग अटी सांगितल्या. ओळख करून द्यायची नाही. चहापाणी विचारायचं नाही. त्याच्याकडे बघायचं नाही. तो मध्येच काही बोलला तरी उत्तर द्यायचं नाही.

"एकदा मला पाहुणा केलंत की फोटो गेला, ताई. मी घरात नाहीच असं समजायचं आणि आपापलं काम करत राहायचं."

"किती वेळ लागेल?"

"जमेपर्यंत," तो म्हणाला.

२

शनिवारी सकाळी तो आला असं घरातले सगळेच सांगतात. कुणी पाहिलं म्हणाल, तर कुणीच नाही. दाराशी चपलांचा एक जोड जास्त दिसला, हुबेहूब दीपकच्या चपलांसारखा, आणि थोड्या वेळानं माजघरातून 'खट्' असा बारीक आवाज आला. दिपमालानं सगळ्यांना डोळ्यांनी दटावलं. भिकुबाईंचा जीव मात्र खालीवर होत होता. दारी आलेल्या माणसाला पाणी न देणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"पानीबी नही द्येवानं?" त्या पुटपुटल्या. "कसा पावना शे हाऊ!"

"आई, तो पाहुणा नाहीच. तो घरात नाहीच असं समजा."

मग भिकुबाई गहू घेऊन बसल्या. कानबाईचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, ज्या गव्हाचे होतात ते गहू घरातल्या पुरुषांमागे मोजायचे, एकेकाच्या नावानं सव्वा मूठ. त्यातला घास घरच्या माणसांनीच खायचा, परक्याला द्यायचा नाही. यांच्या घरात याला आणखी एक रीत होती. मोजणारीनं सुपावरून नजर उचलायची नाही. तिनं नाव घ्यायचं, ज्याचं नाव असेल त्यानं घरात जिथे असेल तिथून 'शे', म्हणजे 'आहे', म्हणायचं, आणि मगच मूठ सोडायची. आवाज आला नाही तर मूठ धरून थांबायचं. माणूस आहे म्हणून गहू, गहू आहेत म्हणून घरात वाटा, इतका सरळ हिशेब.

घरातल्या बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून भिकुबाई म्हणाल्या, "घरना धनी?"

"शे," ओट्यावरून आबा म्हणाले. मूठ पडली.

"दीपक?"

दिपमाला आत चुलीपाशी वेलदोडे कुटत होती. क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग परसाच्या दाराकडून आलं, "शे."

मूठ पडली.

"प्रेमराज?"

"शे वं माय, शे!" प्रेमराज न्हाणीघरातून ओरडला आणि सगळे हसले.

सूप उचललं गेलं. बऱ्याच वेळानं दीपक पुढच्या दारानं आत आला. बाजारात ही गर्दी, म्हणाला, नारळ निवडता निवडता पुरे झालं. नारळ आणायला आपणच त्याला सकाळी पाठवलं होतं, हे दिपमालाला आठवलं. मग मघाशी? मध्ये एकदा येऊन गेला असेल. तिनं वेलदोड्यांची पूड डब्यात भरली आणि झाकण लावलं.

कानबाई बसली, गाणी झाली, रोट झाले, सोमवारी देवी वाजतगाजत नदीकडे गेली. एवढ्या गडबडीत तो फोटोवाला कुठे झोपला, काय जेवला, कुणीच विचारलं नाही. आबांना वाटलं प्रेमराजनं बघितलं असेल, प्रेमराजला वाटलं वहिनीनं. मंगळवारी दाराशी तसल्या चपलांचा एकच जोड होता, म्हणून तो गेला असं सगळ्यांनी धरलं. प्रेमराजही दुपारच्या गाडीनं पुण्याला परतला.

३

गुरुवारी फोटो आले. दिपमाला पतसंस्थेत नोकरी करायची. तिनं जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मोबाइल उघडला.

फोटो सुंदर होते. आबा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते आणि मान वर करून काहीतरी विचारत होते. भिकुबाई ताट पुढे करत होत्या. प्रेमराज कुणालातरी कोपरानं ढोसत होता. दिपमाला स्वतः इतक्या फोटोंत इतकी मोकळी दिसत होती की तिला लाजल्यासारखं झालं. केस सुटलेले, पदर खोचलेला, तोंडानं काहीतरी चावट बोलणं चाललेलं.

तिनं पुन्हा पहिल्यापासून बघितलं, दीपकचं हसू कुठे आहे ते शोधायला. ते नव्हतं. हसूच काय, दीपकच नव्हता. पाठमोरा नाही, अर्धा नाही, कोपऱ्यात हातसुद्धा नाही.

असेल, ती म्हणाली, हा सारखा बाजारात पळत होता. पण आरतीच्या वेळी तो तिच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. आरतीच्या फोटोत तिच्या शेजारी मोकळी जागा होती, आणि ती त्या जागेकडे नाही, समोर कॅमेऱ्याकडे बघत होती.

इथे तिचा हात थांबला. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही असं तिनंच सगळ्यांना बजावलं होतं. कुणी बघितलंही नव्हतं, हे ती देवीची शपथ घेऊन सांगू शकली असती. आणि फोटोत सगळेच कॅमेऱ्याकडे बघत होते. परक्याकडे बघतात तसे नव्हे. भिकुबाई ते ताट कुणाला देत होत्या हे दिपमालाला पक्कं आठवत होतं, कारण ती तिथेच उभी होती. दीपकला. प्रेमराजनं कोपर मारलं ते दीपकला. आबांनी 'कात कोठे शे' विचारलं तेही त्यालाच. दीपक जिथे जिथे उभा होता, तिथून तिथून फोटो निघाले होते.

शेवटचा फोटो गच्चीवरचा होता.

रविवारी संध्याकाळी ती वाळत घातलेली चादर काढायला वर गेली, तेव्हा दीपक मागून आला होता. वर दोघंच होते. जिन्याचं दार त्यानं लावून घेतलं होतं. तिच्या गालाला हळद लागली होती, ती त्यानं बोटानं पुसली आणि नाकातून फुसकन हसला. तो क्षण फोटोत होता. तिचा चेहरा अगदी जवळून, डोळे हसरे. आणि कडेनं आत आलेलं एक बोट, गालाकडे जाणारं.

दिपमालानं तो फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला. बोटाचं टोक स्वच्छ होतं. नख गुलाबी, कुठे काळपट डाग नाही, तांब्याच्या तारेनं पडलेले चरे नाहीत. तिनं मोबाइल पालथा टाकला आणि शेजारच्या टेबलवरच्या इंदिराबाईंनी 'काय गं, बरं नाही का?' असं विचारलं तेव्हा तिनं न खाताच डबा बंद केला.

४

पहिला संशय तिनं दीपकवरच घेतला. त्यानंच त्या फोटोवाल्याशी संधान बांधून मोबाइलवर फोटो काढले असतील, आणि ते बोट, तर हल्ली कॉम्प्युटरवर काय हवं ते पुसून मिळतं. तिनं विचारलं तेव्हा दीपक हसला नाही.

"मी आहे कुठे यात?" त्यानं विचारलं. "आणि दिपू, एक सांगू का? गेले दोन दिवस दुकानात गिऱ्हाईक येतं, शटर उघडं असतं, मी आत बसलेला असतो, आणि 'दीपकशेठ नाहीत वाटतं' म्हणून निघून जातं."

तिनं कुंदनला फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, अशी बाईची टेप वाजली. पान मात्र मोबाइलवर होतंच. त्यात आता यांच्याच घराचे फोटो चढले होते, आणि आपल्या सासूला ताट पुढे करताना शेकडो लोकांनी पाहिलंय या विचारानं दिपमालाच्या अंगावर शहारा आला.

रात्रीच्या जेवणाला भिकुबाईंनी तीन ताटं घेतली.

"आई, यांचं ताट?"

"दीपकनं? आतेच वाढं ना मी त्याले," भिकुबाई सहज म्हणाल्या. दीपक त्यांच्या समोर, हाताच्या अंतरावर पाटावर बसला होता. तो ओरडला, "माय!" भिकुबाईंनी भाकरीवरचं पीठ झटकलं. म्हातारपण, दिपमालानं स्वतःला समजावलं. कान गेले असतील. पण मांजर परसात म्याव करून गेलं ते त्यांना ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपक ओट्यावर आबांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. आबांनी बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं आणि आपल्या पोटच्या पोराला, कुणाचं घर शोधत आलेल्या परक्याला विचारावं तसं सौजन्यानं विचारलं, "कोन जोयजे, भाऊ?"

दीपक मागे फिरला. दिपमालाला त्याची इतकी माया आली की तिनं भर दिवसा, सासऱ्यांसमोर त्याचा हात धरला. हा माणूस माझा आहे, तिला ओरडून सांगावंसं वाटलं, तो हा इथे उभा आहे.

आणि त्याच दुपारी ती न्हाणीघरातून बाहेर आली आणि खोलीत परका पुरुष उभा बघून किंचाळली.

दीपकच होता तो. तिला ओळखायला दोन श्वास लागले. तेवढ्या वेळात त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते तिला बघवेना. ती त्याच्या गळ्यात पडून रडली. रडताना तिच्या लक्षात आलं की आपण आठवून आठवून रडतोय. हा माझा नवरा आहे असं मनात सारखं म्हणावं लागतंय, नाहीतर हातातून निसटतंय.

त्या आठवड्यात घरातले दोन रोट उरले होते. ते पौर्णिमेच्या आत घरातच खाऊन संपवायचे असतात. एक संपला, हे तिनं पाहिलं. कुणी खाल्ला, हे मात्र नाही. ताट धुवायला पडलं होतं, चार माणसांच्या घरात एक ताट कुणाचं, हे कोण विचारतं?

५

चेलनाला तिनं निरोप पाठवला, तिचं लगेच उत्तर आलं. या ना, आमच्याकडे सगळ्यांना आवडेल. धरणगावहून एरंडोल, तिथून धुळ्याची एसटी. जुन्या धुळ्यातल्या गल्लीत, केवलचंद यांच्या कापडाच्या दुकानावर चेलनाचं घर होतं. चेलना त्यांची सून. बाई गोरीपान, बोलघेवडी. तिनं दिपमालाला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, खाकरे पुढे केले.

खिडकीखाली स्टुलावर एक माणूस बसला होता. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकून वरच्या काजात गेलेलं. दुकानातला कुणी असेल, दिपमालाला वाटलं. त्याला कुणी पाणी दिलं नाही. चेलना येताजाता त्याच्या पायांना वळसा घालत होती, पण खाली बघत नव्हती. सवयीनं, जसं अंधारात आपण घरातल्या कपाटाला वळसा घालतो.

"आमचे फोटो बघा ना," चेलनानं अल्बम उघडला. "किती नॅचरल आलेत! सासूबाई चंदनबाई, ह्या. हे पप्पा. ही मी."

सगळे फोटोतून बाहेर बघत होते.

"यात तुमचे मिस्टर दिसत नाहीत," दिपमाला म्हणाली.

"मनन? आहे की." चेलना खळखळून हसली. "आम्ही सगळे त्याच्याकडेच तर बघतोय."

"फोटो काढणारा कसा होता हो? चेहरा आठवतो?"

"आम्ही कुठे बघितलं? बघायचं नाही अशीच तर अट होती." तिनं आवाज खाली आणला, गंमत सांगताना आणतात तसा. "एक किस्सा सांगते. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पट्ट्या बांधलेल्या. त्यांनी खाटेवरून विचारलं, मनन आला का रे? मनन तर खाली दुकानात. आणि तो फोटोवाला म्हणाला, 'हो आई, आलो.' बिचाऱ्यानं म्हातारीचं मन राखलं. आम्ही काय हसलो त्या दिवशी!"

दिपमालाची नजर भिंतीवर गेली. चेलनाचा लग्नातला फोटो होता. हार घातलेली चेलना आणि शेजारी साफा बांधलेला नवरा. भुवईवर जुन्या जखमेची तिरकी रेघ असलेला.

तिनं खिडकीखालच्या माणसाकडे पाहिलं. ती रेघ तिथेच होती.

"हे... हे कोण बसलेत?"

"कोण?" चेलनानं तिकडे मान वळवली, खिडकीबाहेर बघितलं आणि हसली. "समोरच्या गच्चीवर? ते पाण्याची टाकी बसवणारे."

आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. चंदनबाईंचा म्हातारा आवाज आला, "मनन, चाय ली क्या बेटा?"

"हो आई," आतून कुणीतरी म्हणालं. त्यामागोमाग बारीकसा 'खट्' असा आवाज.

स्टुलावरच्या माणसाचे ओठही हलले होते. 'हो आई'च म्हणत होते ते, पण उशिरा, आणि चेलनानं उठून पंखा वाढवला. तो दिपमालाकडे बघत होता. तिला तो दिसतो हे त्याला कळलं होतं. तिला इथे कुणी बघायचं नाही म्हणून सांगितलेलं नव्हतं.

"घरी जा, ताई," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता जा."

दिपमाला खाकऱ्याचा तुकडा तसाच टाकून जिना उतरली. एसटीत बसल्यावर तिच्या कानात ते दोन 'हो' आणि एक 'शे' फिरत राहिले. परसाच्या दारातून आलेला 'शे'. बाजारातून नारळ घेऊन पुढच्या दारानं आलेला दीपक. मूठ कुणाच्या नावानं पडली होती आणि कुणाच्या आवाजावर, हे तिला पारोळ्यापाशी लख्ख कळलं आणि तिनं पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. निवड तिचीच होती. स्टुडिओतला धबधबा नको म्हणणारीही तीच.

६

पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती. दुपारचं ऊन अजून अंगणात होतं तेव्हा ती घरी पोचली आणि तिनं सरळ भिकुबाईंचे पाय धरले. गहू परत मोजा, म्हणाली. एक नाव चुकलंय.

"एक डाव मोजेल गहू परत कोन मोजस, वं माय?" भिकुबाई घाबरल्याच.

"मोजा, आई. माझ्यासाठी मोजा. पुन्हा कधी काही मागणार नाही."

सून इतकी रडते आहे हे बघून म्हातारी विरघळली. कानबाईच्या गव्हातले चार दाणे देवाच्या कोनाड्यात फडक्यात बांधून ठेवलेले होते, त्यात घरातले मिसळून त्यांनी सूप पुढ्यात घेतलं. दिपमालानं दीपकला माजघरात आणलं. तो दिवसभर पलंगाच्या कडेवर बसून होता आणि तिला तो खोलीत सापडायला वेळ लागला होता. तिनं त्याला सासूपासून दोन पावलांवर उभं केलं आणि त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. व्हार्निशचा वास आला. तो वास तिनं मन लावून घेतला.

"नाव आलं की मोठ्यानं म्हणा," ती कुजबुजली. "घर हादरलं पाहिजे."

"आणि त्यांना ऐकू नाही आलं तर?"

"येईल. तुम्ही आहात ना. मग येईल."

भिकुबाईंनी मान खाली घातली. "घरना धनी?"

"शे," ओट्यावरून आबा.

मूठ पडली.

"दीपक?"

"शे!" दीपक ओरडला. एवढ्या जोरात की परसातल्या चिमण्या उडाल्या. "शे, माय, मी आठेच शे!"

भिकुबाईंची मूठ सुपावर तशीच थांबली होती. त्या वाट बघत होत्या. कपाळावर एक माशी बसली, ती त्यांनी मान हलवून उडवली.

"दीपक?" त्यांनी पुन्हा विचारलं, आता जरा काळजीनं.

दीपकनं पुन्हा हाक दिली. या वेळी त्याचा आवाज फाटला. दिपमालाही ओरडली, आई, इथे आहेत, इथे बघा. पण मोजणारीनं मान वर करायची नव्हती.

आतल्या खोलीचा पडदा हलला. तिथे कुणी नव्हतं, दिपमाला आताच तिथून आली होती. पडद्याच्या कडेवर चार बोटं आली. नखं गुलाबी, स्वच्छ.

"शे," आतून शांतपणे आलं.

मूठ पडली. भिकुबाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि पडद्याकडे बघून हसल्या, फोटोतल्यासारख्या. "कोठे व्हता रे इतला येळ?"

पडद्यामागून आधी नाकातून फुसकन आवाज आला, मग हसू. तेच, ज्याचा एक फोटो मिळावा म्हणून ती तीन वर्षं झुरली होती. आता डावा डोळा मिटला असेल, दिपमालाच्या मनात आलं, आणि तिलाही हसू आलं. कसली एवढी रडत होते मी? घरातच तर होते हे.

तिच्या हातात काहीतरी अडकलं होतं. पदर कडीत अडकतो तसं. तिनं हात सोडवून घेतले आणि साडीला पुसले. तळव्यांना काळपट काहीतरी लागलं होतं, रॉकेलचा बोळा घ्यायला हवा.

"चला ना," ती पडद्याकडे बघून म्हणाली. "उरलेला रोट गरम करते. उद्याच्या आत संपवायचाय."

ती चुलीकडे निघाली. बाजूनं कुणीतरी बोलत होतं. अगदी कानाशी, घाईघाईनं, 'दिपू, दिपू' असं काहीतरी, रडत असावं. दिपमालानं तिकडे मान वळवली नाही. तिनं पदर खोचला, तवा ठेवला आणि चेहरा अगदी सहज ठेवला. कोणी काही बोललं तरी उत्तर द्यायचं नाही, आपापलं काम करत राहायचं, असं फोटोवाल्यानं पहिल्याच फोनवर सांगितलं होतं.